पहिल्या पोंगलचे एक्कावन्न कंद

चौतीस वर्षं अन्नपळम टीचरने सहावीच्या मुलींना एक धडा शिकवला, आणि तो चांगला शिकवला. बी म्हणजे दूरच्या प्रवासाला निघालेल्या पोराच्या हातात आईने दिलेली शिदोरी. फळ पिकत असतानाच झाड बीमध्ये पीठ, तेल, साखर असं काहीबाही भरून ठेवतं. पुढे ओल मिळाली की कोंब जागा होतो, तो साठा विरघळवतो, त्यावर मुळं काढतो, आणि पहिलं हिरवं पान उन्हाला लागेपर्यंत त्याच शिदोरीवर जगतो. "शिदोरी वाटेत कुणी चोरली तर पोर मरतं," असं ती शेवटी म्हणायची, आणि दरवर्षी मागच्या बाकावरची एखादी मुलगी डोळे पुसायची. मग ओल्या कापसावर चवळी ठेवली जायची आणि धडा संपायचा.

आपण उत्तम शिकवतो हे टीचरला ठाऊक होतं. त्यातलं आपल्याला फक्त बोलता येतं, हे कळायला निवृत्तीनंतरची तीन वर्षं आणि छत्तीस बिया लागल्या.

पनैविळै हे तिचं गाव सात्तानकुळमच्या पुढे, तेरीत, म्हणजे लाल वाळूच्या टेकाडांत. तिथे पाऊस कमी आणि ताड फार. घरामागे अकरा ताड होते आणि तिचा बाप दिवसातून दोनदा ते सगळे चढायचा. त्याच्या छातीला खोडाने काळे घट्टे पडले होते. त्या घट्ट्यांवर अन्नपळम पाळयंकोट्टैच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकली. परीक्षेत तिने ताडाच्या बीची उभी चीर काढली, भागांना नावं दिली, आणि वीसपैकी एकोणीस मिळवले. सुट्टीत घरी आल्यावर बापाने विचारलं, "काय शिकवतात गं तिथे?" तर म्हणाली, "तुम्हाला नाही कळणार, अप्पा." तेव्हा तो खाली बसून ताडाच्या बिया फोडत होता. पुढे हा प्रसंग आठवला की ती एकटीच असली तरी "गाढव" असं मोठ्याने म्हणायची.

त्या बिया तो तिच्यासाठीच फोडत होता. उन्हाळ्यात ताडगोळ्यात आधी पाणी असतं, मग त्याची लुसलुशीत चकती होते, ती आपण खातो. खाल्ली नाही तर फळ पिकेपर्यंत तिचा दगड होतो. तो दगड म्हणजेच साठा. बी मातीत पडली की तिच्यातून एक नळी थेट खाली उतरते आणि तिच्या टोकाशी कोंब असतो. आत राहतो तो एक पांढरा, भुसभुशीत गोळा, मोड आलेल्या नारळात सापडतो तसा, पण त्याहून घट्ट आणि गोड. त्याला इकडे तवुन म्हणतात. तवुन वाढत वाढत तो दगड विरघळवतो आणि त्याची साखर नळीतून खाली पाठवतो. कोंब मोठा धोरणी. मिळालं ते सगळं खात नाही, पुन्हा साठवतो, आणि तीन-चार महिन्यांत त्याचा हातभर लांब, पिठूळ कंद होतो. तो उपटायचा, सोलायचा, हळद-मीठ घालून उकडायचा आणि खायचा. तो झाला किळंगू. किळंगवाशिवाय इकडचा पोंगल होत नाही.

अन्नपळमला किळंगू आवडायचा. तवुनसाठी मात्र ती लहानपणी देवाला नारळ बोलली होती.

तिने लग्न केलं नाही. धाकटा भाऊ लवकर गेला, तेव्हा त्याची बायको पेच्चियम्माळ आणि चार वर्षांची सेल्वकनी ह्या दोघींची ती घरातली कर्ती झाली. म्हणजे पगार तिने आणला. बाकी सगळं पेच्चीने केलं, आणि त्याचा उल्लेख कधी केला नाही, हे त्याहून अवघड. सेल्वकनी शिकली, आणि यंदा ऑगस्टमध्ये तिचं उडनगुडीला लग्न झालं. सासरी ताडाच्या गुळाची भट्टी होती. सासू वडिवम्माळ, सेल्वकनी तिला मामी म्हणायची, गुळाची ढेप नुसती बोटाने वाजवून कुठल्या महिन्यातली ते सांगायची.

महिन्याभराने सेल्वकनीचा आत्याला फोन आला.

"अत्तै, पहिल्या पोंगलच्या आहेरात किळंगू आपल्या वाफ्यातला पाठव."

"बाजारात चांगला मिळतो की."

"बाजारातला नको. मामी रोज म्हणते, तुमच्या घरामागे अकरा ताड आणि घरात सगळ्यांच्या हातात खडू. खडू उकडून खाता का? परवा पाहुण्यांसमोर म्हणाली. सगळे हसले."

"मग तू काय म्हणालीस?"

"मीपण हसले. काय करू? अत्तै, हंडा, ऊस, हळद, काहीही कमी पाठव. पण एक्कावन्न किळंगू घरचे पाठव. ह्या वर्षी नाही आले तर मी जन्मभर खडू ऐकेन."

टीचरने शब्द दिला. फोन ठेवल्यावर पेच्ची म्हणाली, "वाफा मी घालते."

"तू नाही. मी घालणार."

"तुम्ही?" पेच्चीने तांदूळ निवडणं थांबवलं. "अक्का, तुम्ही आयुष्यात कापसाबाहेर काही पेरलंय?"

टीचरने उत्तरादाखल वही आणली.

सप्टेंबरच्या मध्यावर दोघींनी वाफा केला. पेच्चीने तिला मांडीपर्यंत खोल खणायला लावलं. "ह्याचा कोंब वर बघत नाही, खाली जातो. खाली भुसभुशीत नसलं तर टोक वाकतं. वाकडा कंद म्हणजे आळशी माणसाचा वाफा." तेवढं टीचरने ऐकलं. पुढचं ऐकलं नाही.

"दोनशे बिया टाका."

"दोनशे कशाला? हवेत एक्कावन्न. उगवण नव्वद टक्के धर. साठ पुष्कळ झाल्या."

"बियांना टक्के सांगितलेत का?"

टीचरने साठ बिया ओळीने मांडल्या. दोरी लावून. तिची पाठ फिरल्यावर पेच्चीने आणखी पाच टाकल्या, वर वाळू ओढली आणि पाणी शिंपडलं. टीचरने वहीत तारीख घातली. बापाच्या वाफ्याला कधी तारीख नव्हती, हे तिला त्या दिवशी मोठं अभिमानाचं वाटलं.

आता खाण्याचं.

नोव्हेंबरच्या मध्यावर, एका सकाळी, पेच्ची रोजगार हमीच्या शंभर दिवसांच्या कामाला गेलेली असताना टीचरने एक बी वाळूतून वर काढली. हेतू निव्वळ तपासणीचा होता. खालची नळी तिने जपून कापली, कोयत्याने बी फोडली. आत तवुन होतं, गच्च भरलेलं, पिवळसर पांढरं. तिने ते तळहातावर घेतलं. साठाव्या वर्षानंतर माणसाला गोड बेताने खायला सांगतात. तिने बेताने खाल्लं, म्हणजे दोन घासांत. मग वहीत लिहिलं: "नमुना पहिला. वाढ समाधानकारक."

दुसऱ्या दिवशी तिला वाटलं, एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणं शास्त्रीय नाही.

पाच-सहा नमुन्यांनंतर तिने सिद्धांतही तयार केला. बी पेरून साठ दिवस झाले. एव्हाना साठा नळीतून खाली कंदात उतरला असणार. वर राहिलंय ते रिकामं भांडं. रिकाम्या भांड्याला चिकटलेलं खरवडून खाल्लं तर कंदाचं काय जातं? सिद्धांत सुरेख होता. त्यात एवढीच अडचण होती की भांडं रिकामं असतं तर आत तवुन इतकं गच्च आणि त्याच्याभोवती दगडाची इतकी जाड भिंत शिल्लक राहिली नसती. ती भिंत तिला रोज दिसत होती. कोयता तिच्यावरूनच घसरायचा. ती कोयत्याला नावं ठेवायची.

तेवीस नोंदी झाल्यावर तिने नोंदी करणं सोडलं. वाचायला बऱ्या दिसत नव्हत्या. फोडलेल्या बीचे दोन्ही अर्धे ती नीट जुळवून पुन्हा वाळूत बसवायची, कुणी बघितलं तर शंका नको. पेच्ची दुपारी घरी आली की ताट वाढायची आणि टीचर अर्ध्यातून उठायची.

"भूक नाही?"

"पित्त आहे."

"पंधरा दिवस पित्त? लिंबू घ्या." आणि पेच्ची तिच्यासाठी आल्याचा रस काढायची. टीचर तो मुकाट्याने प्यायची. तेवढी शिक्षा तिला योग्य वाटायची.

पोंगलला चार दिवस राहिले तेव्हा पेच्ची पहाटेची रांगोळी घालून, तशाच पिठाच्या हातांनी वाफ्याशी आली. पहिला कंद तिने उपटला. सरळ, हातभर, मनगटाच्या निम्म्याने जाड. टीचरने तो शेजारणीला दाखवावा तसा कुंपणाबाहेरच्या रस्त्याकडे धरला, पण रस्त्यावर कुणी नव्हतं. दुसराही चांगला निघाला. तिसरा उंदराच्या शेपटीएवढा. चौथा, पाचवा शेपटीच.

पेच्चीने वरची बी उचलली. तिचे हातात दोन तुकडे झाले.

"हे काय?"

"उंदीर असेल," टीचर म्हणाली.

पेच्चीने तुकडा उलटा करून कड बघितली. "कोयत्याने खातो?"

"घूस असेल मग."

"घूस कोयत्याने खाते?" तिने दुसरी बी उचलली, तिचेही दोन तुकडे झाले. तिसरीचेही. "आणि खाऊन झाल्यावर झाकण लावून ठेवते. शिकलेली घूस आहे, टीचर."

घरात पेच्ची तिला अक्का म्हणायची. "टीचर" अशी हाक आली की काय ते समजायचं.

"मला वाटलं, सगळं खाली उतरलं असेल," टीचर म्हणाली. "साठ दिवस झाले होते."

"कुठून साठ?"

"पेरल्यापासून."

"बी पेरल्या दिवशी उठते? एक पंधरा दिवसांत उठते, एक दोन महिने लोळत पडते. तुमच्या वर्गातल्या सगळ्या पोरी एकाच दिवशी शहाण्या व्हायच्या का?" पेच्ची वाफ्याच्या काठावर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती मोजत होती. तीन बिया उगवल्याच नव्हत्या. छत्तीस शेपट्या. चांगले कंद सव्वीस. "पंचवीस कमी. आणि पोर तिकडे वाट बघतेय."

टीचरला पहिल्यांदाच तोंडात सगळं कडू लागलं, आणि ते पित्त नव्हतं.

तिने त्याच दिवशी सात्तानकुळमच्या बाजारातून पंचवीस कंद आणले, जाडजूड बघून. घरी येऊन मागच्या दारी बसली आणि वाफ्यातली लाल वाळू ओली करून एकेका कंदाला चोळली. चौतीस वर्षांत तिने परीक्षेत कॉपी करणाऱ्या किती मुली पकडल्या त्याला गणती नाही. एकीने तर गुडघ्यावर लिहून आणलं होतं, तिला तिने आख्ख्या शाळेसमोर उभं केलं होतं. ती मुलगी निदान स्वतःच्या गुडघ्यावर लिहून आली होती, असं आता कंदाला माती फासताना तिच्या मनात आलं.

"वडिवम्माळ ओळखेल," पेच्ची म्हणाली.

"सगळे एका जुडीत बांधले तर नाही ओळखणार."

"मी सांगायचं काम केलं."

आहेर घेऊन पेच्ची जायची नव्हती. विधवेने पहिला आहेर न्यायचा नाही म्हणे. अन्नपळमने लग्नच केलं नसल्यामुळे तिला विधवा होण्याची संधी मिळाली नव्हती, आणि गावाच्या हिशेबाने ती शुभ होती. तेव्हा हंडा, ऊस, हळदीचं झाड, तांदूळ आणि एक्कावन्न कंदांची जुडी घेऊन शुभ बाई टेम्पोत बसली.

वडिवम्माळ ओट्यावरच होती. किडकिडीत, कानाच्या पाळ्या लोंबलेल्या, आवाज बारीक. हंड्याकडे तिने बघितलंही नाही. "या सम्मंदी, बसा," असं विहिणीला म्हणाली आणि जुडीची दोरी सोडली. सेल्वकनी पाण्याचा पेला घेऊन दारात उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की टीचरने पाणी घेताना नजर पेल्यात ठेवली.

वडिवम्माळ कंद निवडू लागली. एक डावीकडे, एक उजवीकडे. डावीकडे सव्वीस झाले, उजवीकडे पंचवीस.

"हे तेरीतले," तिने डावीकडे बोट दाखवलं. "हे कुठले?"

"सगळे वाफ्यातलेच आहेत."

"कुणाच्या वाफ्यातले?" तिने उजवीकडचा एक उचलून टोक पुढे केलं. ते गळासारखं वळलेलं होतं. "ह्याला खाली कडक जमीन लागलीय. तेरीत कंद वाकत नाही, सम्मंदी." मग तिने त्यावर नख ओढलं. लाल थर निघाला, खाली काळी माती. "आणि हा तर रंगवलाय."

आत भट्टीवर कुणीतरी लाकूड टाकलं. वडिवम्माळ सुनेकडे वळली. "तुला ठाऊक होतं?"

सेल्वकनीचा चेहरा उतरला होता, पण ती चटकन म्हणाली, "हो मामी. मीच फोनवर सांगितलं होतं. कमी पडले तर बाजारातले घाला म्हटलं. अत्तैची चूक नाही."

"मग खडूचं काय चुकीचं बोलत होते मी?" वडिवम्माळ म्हणाली.

टीचरने पेला खाली ठेवला. "ती खोटं बोलतेय. हिने असं काही सांगितलं नव्हतं. घरचेच पाठव म्हणून हात जोडले होते. आमचा वाफा चांगला होता. मी खाल्ला."

"कंद?"

"तवुन."

वडिवम्माळच्या हातातला कंद हातातच राहिला. "कंद भरायच्या आधी?"

"हो."

"किती?"

"छत्तीस."

"एकटीने?"

"पेच्ची कामाला जायची तेव्हा."

"बीचं दूध तोडलंत तुम्ही," वडिवम्माळ म्हणाली. तिच्या आवाजात राग कमी आणि चौकशी जास्त होती. "आणि शाळेत हेच शिकवायचात ना? ही सांगते मला. शिदोरीचं."

"हेच शिकवायचे. मुली रडायच्या."

"आता मी रडू का?" वडिवम्माळने विचारलं. मग म्हणाली, "छत्तीस तवुन म्हणजे पोट नाही बिघडलं?"

"बिघडलं. घरी पित्त म्हणून सांगितलं."

"ते पित्त हे होतं?" सेल्वकनी म्हणाली. "अत्तै, आईने मला चार वेळा फोन केला. म्हणाली, अत्तै काही खात नाही, वाळत चाललीय, डॉक्टरला दाखवावं लागेल. मी देवीला नवस बोलले. कोंबडा बोललेय मी." शेवटच्या शब्दांपर्यंत तिचा आवाज रागाचा होता, पण तो तिला टिकवता येईना. ती दाराच्या चौकटीला टेकली आणि तोंडावर पदर धरून हसू लागली. ह्या घरात आल्यापासून ती पाहुण्यांच्या हसण्यात हसली होती. हे तिचं स्वतःचं होतं.

वडिवम्माळने सुनेकडे बघितलं, मग टीचरकडे. "कोंबडा तुमच्याकडून वसूल करायला हवा," ती म्हणाली. "शेपट्या निघाल्या असतील. त्या कुठे आहेत?"

"घरी. पेच्चीने उकडल्या."

"त्या का नाही आणल्या?"

"आहेरात शेपट्या कशा आणायच्या?"

"घरच्या असत्या ना. जाड कंद माझ्या दारात रोज सायकलवर येतात, मला त्याचं काय नवल?" तिने उजवीकडचे पंचवीस सुपात लोटले. "हे गाईला. पुढच्या वर्षी तुमच्याकडे वाफा नको, सम्मंदी. इथेच टाकू, मी आणि ही. दोनशे बिया. वर काट्याचं कुंपण घालू."

"कुंपणाने काय होतंय, मामी," सेल्वकनी डोळे पुसत म्हणाली. "अत्तै येणार असेल त्या दिवशी कोयता लपवायला हवा."

"कोयता नसला तर दगडाने फोडेल."

"फोडेल. आणि वहीत लिहून ठेवेल."

"वही आहे?" वडिवम्माळने विचारलं.

"असणारच. वहीशिवाय ती दळणसुद्धा टाकत नाही."

टीचर समोर बसलेली असताना दोघी तिच्याविषयी बोलत होत्या, जणू ती घरातली मांजर होती आणि दुधाचं भांडं कुठे ठेवायचं एवढाच प्रश्न होता. तिच्या डोक्यात दोन उत्तरं तयार होती, दोन्ही चांगली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने दोन्ही गिळली.

वडिवम्माळने विळी ओढली. तेरीतले सव्वीस पाटीत घालून पुढ्यात घेतले आणि सुनेला शेजारी बसवलं. "टोक असं धर. मुळं आधी काढ, साल नंतर. इतक्या जोरात नाही." सेल्वकनी शिकत होती, मध्येच टीचरकडे बघून पुन्हा हसत होती, आणि सासू तिला हसू देत होती. खडूचा विषय पुन्हा निघाला नाही. त्याच्या जागी दुसरा विषय मिळाला होता, आणि तो उडनगुडीत पुढची वीस वर्षं तरी पुरेल अशी चिन्हं होती.

टीचर म्हणाली, "द्या, चार मीही सोलते."

"तुम्ही बसा," वडिवम्माळ मान वर न करता म्हणाली, आणि कंदांची पाटी उचलून आपल्या पलीकडच्या बाजूला ठेवली.